पूजेआधीचा ध्यानश्लोक कसा म्हणायचा, घाईत असलेल्यांसाठी

सकाळी साडेसहाला आमच्या बिल्डिंगखाली पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, पों पों करत, आणि नेमका त्याच वेळी मी देवासमोर ध्यानश्लोकावर असतो. आधी काय व्हायचं, हॉर्न ऐकला की उरलेल्या तीन ओळी एका दमात, पणजी-मडगाव शटलसारख्या, मधे कुठे थांबा नाही, आणि फूल वाहून ध्यायामि म्हणेपर्यंत मी अर्ध्या जिन्यावर. पाव मिळायचे, ध्यान काही व्हायचं नाही. बाबांना गुडघ्यांमुळे आता पाटावर बसता येत नाही म्हणून पूजा माझ्याकडे आलीय, ते बाजूला खुर्चीवर बसून ऐकत असतात. एक दिवस म्हणाले, "श्लोक म्हटलास ते ऐकलं मी. दिसलं काय तुला?" मी म्हटलं काय दिसायचंय? तर म्हणे, "मग म्हटलास कशाला?"

तर तिथून हे सगळं सुरू झालं. मी काही भटजी नाही, फोंड्यात फ्लॅटमध्ये राहून पणजीला नोकरी करणारा माणूस आहे, पण गेली काही वर्षं रोज करून करून जे हाताला लागलंय ते सांगतो, तुमच्या घरची पद्धत वेगळी असेल तर ती तुमची, ती सोडू नका.

आधी हा श्लोक पूजेत येतो कुठे ते बघा. आचमन, प्राणायाम, संकल्प, मग कलश, शंख, घंटा, दीप यांची पूजा, मग स्वतःवर आणि साहित्यावर पाणी शिंपडायचं, आणि मग ध्यान. ध्यान झालं की आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य असे उपचार चालू होतात. म्हणजे ध्यानाची जागा उंबरठ्यावरची. पाहुणा दारात आला की आपण आधी बघतो कोण आहे, मगच या बसा म्हणतो आणि पाय धुवायला पाणी देतो ना? चेहराच डोळ्यासमोर नसेल तर या बसा कोणाला म्हणणार. म्हणून ध्यानश्लोकात बहुतेक वेळा मागणं नसतं, दे रे बाबा असं काही नसतं, नुसतं वर्णन असतं. हातात काय आहे, रंग कसा, कशावर बसलाय, डोळे कसे. शब्दांनी काढलेलं चित्रच ते.

आणि हे चित्र का लागतं ते ज्यांच्या घरी पंचायतन आहे त्यांना पटकन कळेल. आमच्या तबकात देव म्हणजे पाच दगड, खोटं कशाला बोला. विष्णू म्हणजे गंडकीतला शाळिग्राम, शिव म्हणजे नर्मदेतला बाण, गणपती म्हणजे शोण नदीतला लाल दगड, सूर्य म्हणजे स्फटिक, देवी म्हणजे सुवर्णमुखीतला. कोणालाच नाक डोळे नाहीत. लहानपणी मी आजीला विचारलं होतं ह्यातला गणपती कुठला, सोंड कुठेय, तर ती म्हणाली सोंड श्लोकात आहे. तेव्हा मला वाटलं टाळलं तिने. आता कळतं की तिने सरळ उत्तर दिलं होतं, दगड आसन देतो आणि रूप श्लोक देतो.

आम्हा गोंयकारांना तर हे जास्तच लागू पडतं असं मला वाटतं. आमचा कुलदेव मंगेश, म्हणजे शिवच. तो मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आताचं कुठ्ठाळी, आणि पोर्तुगीज देवळं मोडायला लागले तेव्हा १५६० च्या सुमारास लोकांनी त्याला नदीपलीकडे प्रियोळला नेला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. सप्तकोटेश्वर दिवाडीहून नार्व्याला गेला आणि पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. मधल्या दिवसात कित्येक घरांत समोर मूर्तीच नसणार. पण श्लोक ज्याला पाठ त्याच्याकडे रूप होतंच, ते काढून घ्यायला कुठला शिपाई येणार? बरं, हे थोडं विषयांतर झालं, पण मला फार आवडतो हा विचार.

आता कुठला श्लोक घ्यायचा. एकच घ्या. हे मी कळकळीने सांगतो कारण मी पाचही देवांचे पाच श्लोक एकदम सुरू केले होते आणि आठवड्यात सगळ्यांची खिचडी झाली, विष्णूच्या हातात परशू आला. तुमच्या देवघरात मधोमध कोण आहे किंवा कुलदैवत कोण आहे ते बघा आणि त्याचा घ्या. विष्णूसाठी "शांताकारं", शिवासाठी "ध्यायेन्नित्यं महेशं", सूर्यासाठी "ध्येयः सदा सवितृमंडलमध्यवर्ती". देवीसाठी बरेच जण "नमो देव्यै महादेव्यै" म्हणतात, तो सप्तशतीच्या पाचव्या अध्यायातला आहे आणि सुंदरच आहे, पण खरं सांगायचं तर त्यात नमस्कार आहे, चित्र नाही. म्हणून देवीचं करत असाल तर तो म्हणताना आपल्या कुलदेवीचा देवळात बघितलेला मुखवटा डोळ्यासमोर आणा, आणि तिचा स्वतःचा ध्यानश्लोक हवा असेल तर देवळातल्या भटमामांना विचारा, ते लिहून देतात.

अगदी नवीन असाल तर गणपतीचा घ्या कारण तो तुम्हाला ऑलरेडी येतो. अथर्वशीर्षात "एकदंतं चतुर्हस्तं पाशमंकुशधारिणम्, रदं च वरदं हस्तैर्बिभ्राणं मूषकध्वजम्" म्हणतो ना आपण, चवथीला अख्खं घर म्हणतं, तेच गणपतीचं ध्यान आहे. चार हात, एकात पाश, एकात अंकुश, एकात दात, एक वर देणारा. पुढे लाल रंग, लाल वस्त्र, सुपासारखे कान. आणि शेवटी "एवं ध्यायति यो नित्यं" असं स्पष्टच म्हटलंय, असं जो रोज ध्यान करतो तो. इतकी वर्षं म्हणतोय आपण पण किती जणांनी तो हातातला दात बघितलाय?

एक टेन्शन आधीच काढून टाका. "शांताकारं", "ध्यायेन्नित्यं" असले श्लोक म्हणजे वेदमंत्र नव्हेत, त्यामुळे स्वर वर नेला खाली आणला असलं काही सांभाळायचं नाही. कोणीही म्हणावे, बायकांनी म्हणावे की नाही असलं विचारत बसू नका, आमच्या घरी बायको माझ्यापेक्षा स्वच्छ म्हणते. सांभाळायचं ते वृत्त, ऱ्हस्व-दीर्घ आणि थांबे.

श्लोक मोबाईलवर बघून म्हणू नका. एक तर मधेच मेसेज येतो, दुसरं म्हणजे फॉरवर्ड होऊन आलेल्या श्लोकात चुका असतात. "भुजगशयनं" च्या जागी "भुजंगशयनं" हे तर इतकं पसरलंय की बरोबर म्हणणाऱ्यालाच लोक टोकतात. अर्थ तोच आहे, सापच, पण ज वर अनुस्वार दिला की ते अक्षर जड होतं आणि चाल लंगडते. जुनी पोथी शोधा किंवा जाणकाराकडून तपासून घ्या आणि स्वतःच्या हाताने जाड कागदावर लिहा, मोठ्या अक्षरात, थांब्यांसकट. असा:

शांताकारं । भुजगशयनं । पद्मनाभं सुरेशं
विश्वाधारं । गगनसदृशं । मेघवर्णं शुभांगम्
लक्ष्मीकांतं । कमलनयनं । योगिभिर्ध्यानगम्यं
वंदे विष्णुं । भवभयहरं । सर्वलोकैकनाथम्

हे मंदाक्रांता वृत्त, ओळीत १७ अक्षरं, थांबे चार, सहा आणि सात अक्षरांवर. बघा पहिली चार अक्षरं सगळी जड, शां ता का रं, जसा काही देव सावकाश आडवा होतोय. मग भु ज ग श य ही पाच हलकी अक्षरं आणि नं वर टेकायचं. इथेच आपली मराठी जीभ घात करते. आपण बोलताना शब्दातला अ गिळतो, भुजग्-शयनं, गगन्-सदृशं, कमल्-नयनं असं म्हणतो, म्हणजे सहातलं एक अक्षर गायब. बोटांवर मोजून म्हणा, भु-ज-ग-श-य-नं, सहा बोटं झाली पाहिजेत. पहिले तीन चार दिवस हसू येतं, मग जीभ वळते. आणखी एक, खाली शिवाच्या श्लोकात रजत आणि चारु येतात, त्यातल्या रजत मधला ज हा जीव मधला, जहाज मधला नाही, आणि चारु मधला च हा चार मधला, चारा मधला नाही. शेवटची ओळ "सर्वलोके कनाथम्" अशी तोडणारे पण खूप, ते सर्वलोक-एक-नाथ आहे, सगळ्या लोकांचा एकच नाथ, कनाथ असं काही नसतं हो.

आमच्या मंगेशासाठी मी म्हणतो तो हा:

ध्यायेन्नित्यं महेशं । रजतगिरिनिभं । चारुचंद्रावतंसं
रत्नाकल्पोज्ज्वलांगं । परशुमृगवरा । भीतिहस्तं प्रसन्नम्
पद्मासीनं समंतात् । स्तुतममरगणै । र्व्याघ्रकृत्तिं वसानं
विश्वाद्यं विश्ववंद्यं । निखिलभयहरं । पंचवक्त्रं त्रिनेत्रम्

हे स्रग्धरा, २१ अक्षरं, सात-सात-सातवर थांबा. काही पोथ्यांत विश्ववंद्यं च्या जागी विश्वबीजं असतं, दोन्ही चालतात. दुसरी ओळ जपून. थांबा येतो "वरा" वर आणि पुढे सुरू होतं "भीतिहस्तं", म्हणजे न समजता म्हटलं तर देवाच्या हातात भीती! मी कित्येक वर्षं तसंच म्हणत होतो आणि मला कधी प्रश्नही पडला नाही. ते आहे वर आणि अभीति, संधीमुळे चिकटलेत. चार हात मोजा, एकात परशू, एकात हरिण, एक वर देणारा, एक भिऊ नको म्हणणारा. हे कळल्यापासून मी "वरा" वर पूर्ण थांबत नाही, नुसता श्वास हलका करतो आणि आ लांबवून पुढे जातो. तसंच "गणै" नंतर, तिथेही शब्द पुढच्यात अडकलाय.

आणि अर्थ नीट वाचलात तर धक्काच बसतो. आपल्या डोक्यात शंकर म्हणजे भस्म लावलेला, जटा पिंजारलेला. हा तसा नाहीच. रजतगिरिनिभ म्हणजे चांदीच्या डोंगरासारखा गोरा, आणि रत्नाकल्प मधला आकल्प म्हणजे दागिना, रत्नांच्या दागिन्यांनी अंग झगमगतंय, कमळावर बसलाय, चारी बाजूंनी देव स्तुती करतायत, प्रसन्न आहे. नेसलाय मात्र वाघाचं कातडं. समोर एवढासा काळसर बाण आणि आत हे सगळं! पंचवक्त्र म्हणजे पाच तोंडं, सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष, ईशान. पाचही एकदम दिसत नाहीत, मला तर अजून दिसत नाहीत, समोरचं एक नीट दिसलं तरी मी खूश असतो.

पाठ कसा करायचा, तर गंध उगाळताना. ही बाबांची ट्रिक. सहाणेवर चार थेंब पाणी घ्यायचं, खोड धरायचं आणि एका थांब्याला एक फेरा. शांताकारं, एक फेरा. भुजगशयनं, दुसरा. हात गोल फिरतो त्याला स्वतःचा ठेका असतो, घाई केली तर खोड निसटतं आणि पाणी ताम्हणात सांडतं, म्हणजे कंट्रोल आपोआप राहतो. ओळीला तीन फेरे, श्लोकाला बारा, आणि असे तीन चार श्लोक झाले की पाचही देवांना पुरेल इतकं गंध तयार. पहिला आठवडा फक्त पहिली ओळ करा, अर्थासकट. दुसऱ्या आठवड्यात दुसरी. महिनाभरात श्लोक तुमचा, कागद नुसता आधाराला.

आता प्रत्यक्ष सकाळी. आंघोळ करून, समई लावून बसायचं. पावसाळ्यात आगपेटी सादळते म्हणून ती तांदळाच्या डब्यात ठेवा, नाहीतर दहा काड्या ओढून ओढून डोकं तापतं आणि मग कसलं शांताकारं. फुलं आधीच काढून ठेवा. विष्णूला तुळस, शिवाला बेल, गणपतीला दुर्वा नाहीतर लाल जास्वंद, आणि काहीच नसेल तर कुंडीतली अबोली, गॅलरीत आमच्या पिटकुळी आहे ती बारा महिने कामाला येते. शाळिग्रामाला अक्षता वाहत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

फूल ओंजळीत घ्या, ओंजळ छातीशी. आधी डोळे उघडे ठेवून समोरच्या मूर्तीकडे किंवा दगडाकडे बघा, दोन श्वास. मग डोळे मिटा आणि मोठ्याने म्हणा, एका श्वासात एक ओळ, थांब्यावर थांबत, आणि प्रत्येक थांब्याला एकच गोष्ट बघा, जास्त नाही. शांताकारं, चेहरा. भुजगशयनं, खाली शेषाची वेटोळी. पद्मनाभं, नाभीतून वर आलेलं कमळ. मेघवर्णं म्हटलं की मला जूनमधलं आभाळ दिसतं, मांडवीवर पाऊस यायच्या आधी जो रंग येतो ना, तो. तुम्हाला दुसरं काही दिसेल, दिसू दे. मग दुसऱ्यांदा तोच श्लोक नुसते ओठ हलवत, आवाज नाही. तिसऱ्यांदा मनात. तिसऱ्यांदा म्हणताना शब्द मागे पडतात आणि रूप पुढे येतं, रोज नाही येत, पण येतं. मग दोन श्वास काहीच नाही करायचं. मग देवाचं नाव घेऊन "ध्यायामि" म्हणत फूल वाहायचं आणि पुढची पूजा. सगळं मिळून जास्तीत जास्त तीन मिनिटं, मी घड्याळ लावून बघितलंय.

ते मधले दोन श्वास गाळू नका. मला सगळ्यात अवघड तेच गेलं, तोंड बंद झालं की लगेच ऑफिसचं मेल, गाडीचा हप्ता, गॅस बुक केला का, सगळं रांगेत उभं. मन गेलं तर त्याच्याशी भांडत बसू नका, श्लोकातला एखादा शब्द उचलायचा आणि तिथे परत यायचं, मी "मृग" वर येतो, ते हातातलं छोटं हरिण मला बरं सापडतं. काही दिवस काहीच दिसत नाही. अशा दिवशी पण म्हणायचं, फक्त धावायचं नाही. आजी म्हणायची ते कोकणीतच बरं वाटतं, "सवकास म्हण रे, देव खंयच वचना." म्हणजे सावकाश म्हण, देव कुठे जात नाही.

प्रवासात असाल, पूजेचं साहित्य नसेल, तर नुसतं ध्यान केलं तरी चालतं, त्याला मानसपूजा म्हणतात, फूलही मनातलंच. माझा मावसभाऊ चोडणला राहतो, सकाळी घाई झाली की रायबंदरच्या फेरीवर कठड्याला टेकून डोळे मिटून म्हणतो, बाजूचे लोक समजतात झोप झाली नसेल बिचाऱ्याची.

मुलांना शिकवताना उलटं करा, आधी चित्र मग श्लोक. माझ्या मुलीला मी वहीत गणपती काढायला लावला, चारही हात, आणि एकेक वस्तू काढली की तो शब्द म्हणायचा. तिने चौथ्या हातात मोदक काढला. मी म्हटलं अगं इथे मोदक नाही, वरद आहे, आशीर्वाद. ती म्हणाली आशीर्वाद कसा काढतात? अर्धा तास आम्ही दोघं तो रिकामा पंजा काढत बसलो होतो, पण आता "रदं च वरदं" ती कधी चुकत नाही, आणि मी चुकलो तर लगेच पकडते.

पोदेराचं म्हणाल तर त्याच्यावर उपाय निघाला. खालच्या गेटला कापडी पिशवी अडकवून ठेवतो, तो सहा पाव टाकतो आणि पैसे महिन्याचे महिन्याला. हॉर्न वाजतोच, साधारण दुसऱ्या ओळीला, "परशुमृगवरा" च्या आसपास. तिथे मी आता आ लांबवतो.